ब्रेमेन चौक माहीत आहे, ब्रेमेन विद्यापीठ माहीत आहे का?

वेझरकाठी | शनिवार, दुपारी २:१०

पुण्यात औंधला जाताना ब्रेमेन चौक लागतो. तिथल्या सिग्नलला अडकून माझं निम्मं कॉलेज संपलं, पण ब्रेमेन म्हणजे काय असा प्रश्न कधी पडला नाही. मित्राचं मत होतं की कुठल्यातरी इंग्रज साहेबाचं आडनाव असणार. पुढे एमएस्सीसाठी खऱ्या ब्रेमेनला येऊन पडलो, तेव्हा कळलं की १९७० च्या दशकापासून दोन्ही शहरांचं मैत्र आहे आणि चौकाचं नाव त्यातून आलंय. आता इथे आठ वर्षं झाली. मागच्या आठवड्यात भाच्याने विचारलं, "मामा, तुझं विद्यापीठ किती जुनं? हायडेलबर्गसारखं सहाशे वर्षांचं का?" म्हटलं, बाबा रे, तुझ्या आजीपेक्षा लहान आहे ते. १९७१ चं.

तर त्याची गोष्ट लिहावी म्हणतो. जरा लांबेल.

ब्रेमेन हे जर्मनीतलं सर्वांत छोटं राज्य. वेझर नदीकाठचं बंदर, व्यापाऱ्यांचं आणि गोदी कामगारांचं. इथे १६१० पासून 'गिम्नाझियुम इलुस्त्रे' नावाची उच्चशिक्षणाची शाळा होती. नेपोलियनच्या काळात ती बंद पडली आणि पुढची दीडशेहून जास्त वर्षं शहरात विद्यापीठ नव्हतं. शिकायचं तर मुलं गटिंगेनला, हॅम्बुर्गला जात. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच विद्यापीठाची चर्चा सुरू झाली, आणि वीस वर्षं नुसती चर्चाच चालली. (हे वाचून आपल्याकडच्या मंडळींना घरच्यासारखं वाटलं असेल.)

अखेर १४ ऑक्टोबर १९७१ ला दरवाजे उघडले. मधल्या काळात १९६८ चं विद्यार्थी आंदोलन होऊन गेलं होतं, आणि सगळा फरक त्याने पडला. जुन्या जर्मन विद्यापीठात प्रोफेसर म्हणजे संस्थानिक. त्याचं आसन, त्याची संस्था, त्याचे सहायक, आणि बाकी सगळे हात बांधून उभे. ब्रेमेनने ठरवलं की हे नको. सगळ्या समित्यांत तीन समान वाटे : एक तृतीयांश प्राध्यापक, एक तृतीयांश विद्यार्थी, एक तृतीयांश बाकी कर्मचारी. प्राध्यापक नेमायचा असला तरी हाच हिशोब! संस्थापक रेक्टर (म्हणजे कुलगुरू) थॉमस फॉन डेर फ्रिंग १९७० मध्ये पदावर आले तेव्हा जेमतेम तेहतीस वर्षांचे, आणि एसपीडी या डावीकडे झुकलेल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या युवक संघटनेतले मोठे पुढारी.

अभ्यासक्रमही उलटा केला. 'प्रोजेक्ट स्टुडियुम' म्हणजे आधी प्रश्न घ्यायचा, मग त्याला लागतील ते विषय शिकायचे. शिक्षक होणाऱ्यांचं आणि वकील होणाऱ्यांचं शिक्षण आणि उमेदवारी एकत्र केली. शहराच्या कामगार चेंबरशी विद्यापीठाने सहकार्य सुरू केलं, ते अजून चालू आहे.

बाकीच्या जर्मनीला हे अजिबात रुचलं नाही. वर्तमानपत्रांनी नाव ठेवलं 'रोटे काडरश्मीडं', म्हणजे लाल कार्यकर्ते घडवायची भट्टी. राज्य सरकारातला एफडीपी पक्ष विद्यापीठाच्या वादावरून १९७१ मध्येच युतीतून बाहेर पडला. इथली पदवी घेऊन दक्षिणेत बव्हेरियात नोकरी मागायला गेलं की समोरचा माणूस आधी भुवया उंचावायचा, असं त्या काळात शिकलेले माझे एक शेजारी अजून सांगतात.

पुढचं संध्याकाळी लिहितो, कपडे मशीनमध्ये आहेत.

औंधकर_जुना | शनिवार, दुपारी ३:०५

छान. चौकाची माहिती मलाही नव्हती, आणि मी चाळीस वर्षं तिथून दोन मिनिटांवर राहतो! एक शंका. विद्यार्थ्यांना एक तृतीयांश मतं, तेही प्राध्यापक नेमायला? मी आयुष्यभर शिकवलं आहे. माझी नेमणूक माझ्या वर्गाने केली असती तर परीक्षा घ्यायची छाती झाली नसती.

तिसरी_गॅलरी | शनिवार, दुपारी ३:३०

वाचतेय. काका, तुमच्या वर्गाला तुम्ही आवडतही असाल की! :)

मला यंदा ब्रेमेनला अर्ज करायचाय, म्हणून उत्सुकता. पण तिथे वर्षाला हजारो युरो फी आहे असं एका एजंटाने सांगितलं. सरकारी विद्यापीठ आहे ना हे?

वेझरकाठी | शनिवार, दुपारी ४:१५

@तिसरी_गॅलरी, एजंट बहुतेक दुसऱ्याच विद्यापीठाबद्दल बोलतोय. ब्रेमेनच्या उत्तर टोकाला एक खासगी इंग्रजी विद्यापीठ आहे. आधी 'इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी ब्रेमेन', मग 'जेकब्स', आता 'कन्स्ट्रक्टर'. तिथे फी आहे, आणि भारतीय मुलंही पुष्कळ. मी लिहितोय ते सरकारी 'उनिव्हर्सिटेट ब्रेमेन'. इथे शिकवणीची फी नाही. सत्राला चारेकशे युरोंच्या आसपास वर्गणी भरायची, त्यात जर्मनीभरचा लोकल गाड्यांचा आणि बसचा पासही येतो. तिसरं 'होखशूलं ब्रेमेन' आहे, ते आणखी वेगळं. अर्ज करताना नाव तीनदा वाचा.

मात्र व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट, ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. फी नाही म्हणजे खर्च नाही असं समजू नका.

@औंधकर_जुना, काका, तुमची शंका जर्मनीच्या घटना न्यायालयालाही आली होती. २९ मे १९७३ चा निकाल. खटला शेजारच्या लोअर सॅक्सनीच्या कायद्यावर होता, पण लागू सगळ्यांना झाला. शिकवण्याच्या बाबतीत निम्मी मतं प्राध्यापकांची हवीत, संशोधन आणि नेमणुकांत निम्म्याहून जास्त. त्यामुळे ब्रेमेनची तीन समान वाट्यांची पद्धत टिकणं शक्यच नव्हतं.

खवचट_खारूताई | शनिवार, संध्याकाळी ५:५०

म्हणजे दोन वर्षांत क्रांती आटोपली. मग पन्नास वर्षांनी गोडवे कशाचे गायचे? मला तर सरळ दिसतंय : डाव्यांनी खेळ मांडला, फसला, मग शहाण्या माणसांनी येऊन विज्ञान-तंत्रज्ञान आणलं आणि विद्यापीठ सुधारलं. तुमच्या लेखाचा दुसरा भाग हाच असणार, पैज लावते.

वेझरकाठी | शनिवार, रात्री ९:४०

खारूताई, पैज अर्धी जिंकलात. अर्धीच.

१९८२ मध्ये युर्गेन टिम नावाचे गणिताचे प्राध्यापक रेक्टर झाले आणि २००२ पर्यंत, म्हणजे सलग वीस वर्षं राहिले. विद्यापीठाचं आजचं रूप बरंचसं त्यांच्या काळातलं. पण वेळ बघा. १९८३ च्या अखेरीस ए. जी. वेझर हा प्रचंड जहाज कारखाना बंद पडला. ज्या शहराचं पोट जहाजांवर, त्याची ही दशा. शहराला एकदम उमगलं की आपल्याकडे नवं काही उभं करू शकेल अशी एकच जागा आहे, आणि तिला आपण बारा वर्षं नावं ठेवत आलोय. मग अभियांत्रिकी आली, उत्पादन तंत्रज्ञान आलं, विद्यापीठाभोवती टेक्नॉलॉजी पार्क वसला. १९९६ मध्ये ब्रेमर वुल्कान हा दुसरा मोठा कारखाना बुडाला, तोवर या पार्कात चांगली वर्दळ होती.

पार्कातली सगळ्यांत भन्नाट वस्तू म्हणजे फालटुर्म, पडण्याचा मनोरा. १४६ मीटर उंच, बारीक, पांढरा, टोकाला शंकूसारखी काचेची टोपी. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा एखाद्या साखर कारखान्याची चिमणी वाटली. १९८५ मध्ये हान्स राट यांनी 'त्सार्म' ही संस्था काढली आणि १९९० मध्ये मनोरा सुरू झाला. आत प्रयोगाची कुपी सोडून देतात. ती पडत असताना आतलं सगळं वजनरहित, अंतराळात असल्यासारखं. १४६ मीटर पडायला साडेपाच सेकंद लागत असतील. अंतराळात न जाता अंतराळ.

मीठभाकर_वास्को | शनिवार, रात्री १०:२०

दुरुस्ती. १४६ मीटर ही मनोऱ्याची उंची. आतली पडायची नळी सुमारे ११० मीटर आहे, आणि वेळ ४.७४ सेकंद. दुप्पट अंतराला नऊ पूर्णांक आठने भागून वर्गमूळ काढा, बरोबर तेवढंच येतं. खाली पोहोचताना वेग ताशी १६७ किलोमीटरच्या घरात. ती नळी बाहेरच्या काँक्रीटला चिकटलेलीसुद्धा नाही, आत सुटी उभी आहे. नाहीतर वाऱ्याने मनोरा हलला की प्रयोगही हलेल. हवा उपसून काढायला दीड-दोन तास, आणि पडणं पाच सेकंदांचं!

२००४ पासून खाली एक गुलेल बसवली आहे. ती कुपीला खालून वर फेकते. वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळा वजनरहित, त्यामुळे ९.३ सेकंद मिळतात. २०२१ मध्ये याच मनोऱ्यात अणूंचा एक ढग निरपेक्ष शून्याच्या वर फक्त ३८ पिकोकेल्विनपर्यंत (पिकोकेल्विन म्हणजे एका अंशाचा लाख-कोटीवा भाग) थंड केला होता. त्या वेळी जगातलं सर्वांत कमी तापमान.

वेझरकाठी | शनिवार, रात्री १०:३५

शरमलो. रोज सायकलवरून त्याच्या खालून जातो. धन्यवाद.

तिसरी_गॅलरी | शनिवार, रात्री १०:५०

ताशी १६७ ने खाली आलेली कुपी थांबवतात कशी? लाखो रुपयांचं यंत्र असेल ना आत.

मीठभाकर_वास्को | शनिवार, रात्री १०:५८

थर्माकोल. खरंच. खाली थर्माकोलच्या मण्यांनी भरलेलं उंच पिंप असतं, त्यात ती रुतते. नवीन टीव्हीच्या खोक्यात असतं त्याचेच जातभाऊ.

खवचट_खारूताई | रविवार, सकाळी ८:१५

मनोरा झकास. पण माझा मुद्दा तिथेच आहे : हे सगळं तेव्हाच झालं जेव्हा लाल रंग खरवडून काढला. हो की नाही?

वेझरकाठी | रविवार, सकाळी ११:००

नाही. इथेच तर माझं म्हणणं वेगळं आहे.

रंग खरवडला असता तर १९८६ चा ठराव निघाला नसता. त्या वर्षी विद्यापीठाच्या अकादमिक सिनेटने ठरवलं की लष्करी संशोधन इथे होणार नाही. 'त्सिव्हिलक्लाउझल', नागरी कलम. जर्मनीत असं करणाऱ्या पहिल्या विद्यापीठांपैकी हे एक. वर्ष बघा : मनोऱ्याची संस्था निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी. म्हणजे ज्या काळात अंतराळ आणि उद्योग आत येत होते त्याच काळात हा लगामही घातला. २०११ च्या सुमारास एका अंतराळ कंपनीने प्राध्यापकपदासाठी पैसा देऊ केला तेव्हा या कलमावरून मोठा वाद झाला. विद्यापीठाने २०१२ मध्ये कलम पुन्हा पक्कं केलं, आणि २०१५ पासून राज्याच्या कायद्यानेच सरकारी उच्चशिक्षण संस्थांना असं कलम बंधनकारक केलं. युक्रेन युद्धानंतर त्यावर पुन्हा घमासान चालू आहे. माझ्या ऑफिसात दुपारच्या जेवणाला हा विषय काढू नये असा अलिखित नियम झालाय.

दुसरं उदाहरण. किरणोत्सर्गाच्या कमी मात्रेने काय होतं, हा अडचणीचा प्रश्न इंगे श्मित्स-फॉयरहाके या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका १९७३ पासून इथे लावून धरत होत्या. अणुऊर्जावाल्यांना त्या नकोशा. विद्यापीठात राज्याचं किरणोत्सर्ग मोजणी केंद्रही आहे.

आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. जुन्या विद्यापीठात भूगर्भशास्त्राची संस्था आणि जीवशास्त्राची संस्था यांच्यात तटबंदी असते. इथे तट बांधायचाच नाही असं पहिल्या दिवसापासून ठरलेलं. १९८५ मध्ये गेरोल्ड वेफर हे सागरी भूगर्भशास्त्रज्ञ आले आणि समुद्राच्या तळाचा अभ्यास सुरू झाला. त्यासाठी भूगर्भवाले, रसायनवाले, जीवाणूवाले आणि यंत्र बनवणारे असे सगळे एका टेबलावर लागतात. आज 'मारुम' म्हणून जे केंद्र जगभर ओळखलं जातं ते यातून उभं राहिलं. 'प्रश्न आधी, विषय नंतर' ही १९७१ ची कल्पना वर्गात फारशी टिकली नाही, पण प्रयोगशाळेत गेली आणि तिथे रुजली.

औंधकर_जुना | रविवार, दुपारी १२:३०

हा मुद्दा पटला. तरी एक म्हणतो : पैशाने पटवलं असेल, तत्त्वाने नव्हे. गरीब राज्य, बदनाम विद्यापीठ, सरकारकडून मिळणार किती? बाहेरचा संशोधन निधी आणल्याशिवाय गत्यंतर नसेल, आणि बाहेरचा निधी मोठ्या मिश्र प्रकल्पांना मिळतो.

वेझरकाठी | रविवार, दुपारी १:१०

काका, तुम्ही इथे राहून गेलात का? अगदी हेच इथले जुने लोक म्हणतात. दोन्ही खरं असावं. भूक होतीच, पण मिळून जेवायची सवयही आधीपासून होती.

नांगर_आणि_नट | रविवार, दुपारी २:००

ए. जी. वेझर १९८३ ला बंद पडलं हे वाचून गलबललं. आमच्या लालबागला गिरण्यांचा संप १९८२ चा. माझे वडील त्यात होते. तिथे कारखाना गेल्यावर विद्यापीठ वाढवलं, आमच्या गिरणीच्या जागेत मॉल आला. अवांतर आहे, पण राहवलं नाही.

खवचट_खारूताई | रविवार, दुपारी २:२०

अवांतर नाही हो. पण न्याय करायचा तर ब्रेमेनच्या गोदी कामगाराला काय मिळालं तेही विचारा. पन्नाशीच्या वेल्डरला कोणी मनोऱ्यात पिकोकेल्विन मोजायला बोलावलं नसणार.

वेझरकाठी | रविवार, दुपारी ३:४५

मान्य. ब्रेमेनमध्ये बेकारी आजही जर्मनीच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त आहे. टेक्नॉलॉजी पार्कच्या गल्लीत आणि जुन्या कारखान्याच्या ग्र्योपेलिंगन भागात फिरलं तर एकाच शहरात आहोत असं वाटत नाही. फार तर एवढं म्हणता येईल की वेल्डरच्या मुलीला शिकायला गाव सोडावं लागलं नाही.

बाकी इतिहास पटकन सांगतो. २०१२ मध्ये जर्मन सरकारच्या 'एक्सलन्स' योजनेत अकरा विद्यापीठं निवडली गेली, त्यात ब्रेमेन आलं. त्याच फेरीत गटिंगेन आणि फ्रायबुर्ग ही जुनी खानदानी नावं बाहेर पडली. इथे त्या दिवशी काय जल्लोष झाला असेल! पण २०१९ नंतर तो किताब राहिला नाही. नव्या नियमाप्रमाणे दोन संशोधन क्लस्टर, म्हणजे अनेक विभागांचे मोठे एकत्र प्रकल्प, लागत होते आणि ब्रेमेनला एकच मिळाला, समुद्रतळाचा. मग मे २०२५ मध्ये पुन्हा दोन मिळाले. एक समुद्रतळाचा तोच, आणि दुसरा नवा, 'मंगळाची दृष्टी'. मंगळावर काहीच मिळत नाही, तर तुटपुंज्या साधनांत वस्तू कशा बनवायच्या याचं संशोधन. कायम कर्जात बुडालेल्या राज्याला टंचाईवरच्या संशोधनाचा निधी मिळावा, यासारखा योग नाही.

नांगर_आणि_नट | रविवार, दुपारी ४:००

हा हा. हा क्लस्टर मराठवाड्याला द्यायला हवा होता.

तिसरी_गॅलरी | रविवार, दुपारी ४:३०

कॅम्पस कसा आहे? फोटोत नुसतं काँक्रीट दिसतं.

वेझरकाठी | रविवार, संध्याकाळी ६:१०

आहेच काँक्रीट. सत्तरच्या दशकात घाईने बांधलेलं, शहराच्या कडेला सपाट गवताळ जमिनीवर. इमारतींची नावं जीडब्ल्यू-१, जीडब्ल्यू-२, एनडब्ल्यू-१, म्हणजे मानव्यशास्त्र एक, मानव्यशास्त्र दोन, निसर्गविज्ञान एक. एखाद्या सोसायटीच्या विंगांसारखी. जीडब्ल्यू-२ मध्ये पहिल्या आठवड्यात मी अर्धा तास एकच खोली शोधत होतो, आणि विचारलं ती मुलगीही तीच खोली शोधत होती. सगळ्यांना जोडणारा एक उंचावरचा पादचारी मार्ग आहे, त्याला 'बुलेवार्ड' असं भारदस्त नाव. मात्र सहा नंबरची ट्राम विमानतळावरून स्टेशनमार्गे थेट विद्यापीठात येते, मागे पोहायला तळं आहे, आणि पाच मिनिटं सायकल मारली की गाई. वारा मात्र भयंकर. छत्री आणू नका, उलटी होते. रेनकोट आणा.

विद्यार्थी साधारण अठरा-एकोणीस हजार. म्युनिकसारखी प्रचंड गर्दी नाही. प्राध्यापकांना नावाने हाक मारलेली चालते, निदान आमच्या विभागात. मला पहिलं वर्षभर ते जमलं नाही, तोंडून 'सर' निघायचंच.

मीठभाकर_वास्को | रविवार, रात्री ९:००

मारुमवर थोडी भर. तिथे समुद्रतळातून काढलेल्या गाभ्यांचं, म्हणजे चिखल-खडकांच्या लांब कांड्यांचं कोठार आहे. दीडशे किलोमीटरहून जास्त लांबीच्या कांड्या, दीड-दीड मीटरचे तुकडे करून फळ्यांवर रचलेल्या. जगात अशी तीन मोठी कोठारं, समुद्र वाटून घेतलेले. अटलांटिक, आर्क्टिक आणि भूमध्य ब्रेमेनकडे, पॅसिफिकचा मोठा भाग टेक्ससकडे, आणि आपला हिंदी महासागर कोचीकडे.

केरळातलं कोची नव्हे, जपानमधलं! २०१५ मध्ये अरबी समुद्रात खोदाई झाली, आमच्या गोव्यातल्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ त्या मोहिमेच्या नेतृत्वात होते. त्या कांड्याही जपानी कोचीला. माझ्या आईला मी सांगितलं होतं की नमुने कोचीला गेलेत, तर ती म्हणाली, "मग येताना केळ्याचे वेफर्स आण."

आणि ब्रेमेन विद्यापीठ रोज ध्रुवांवरच्या समुद्री बर्फाचे उपग्रह नकाशे मोफत टाकतं. आमची अंटार्क्टिकाची गडबड सुरू झाली की सकाळच्या चहाबरोबर आधी ते उघडतो. विद्यापीठाचं नाव मला तिथूनच माहीत, चौकावरून नव्हे. जूनमध्ये एका कार्यशाळेला तिकडे यायचं घाटतंय. कोठार बघायला मिळेल का?

औंधकर_जुना | सोमवार, सकाळी ७:२०

सकाळच्या फेरीत मुद्दाम चौकात जाऊन आलो. पाटी आहे, पण पुढे एका वाढदिवसाच्या फ्लेक्सने निम्मी झाकली आहे. 'मेन चौक' एवढंच दिसतं. फ्लेक्स उतरला की फोटो टाकतो.

वेझरकाठी | सोमवार, दुपारी १२:५०

काका, झाकलेलाच टाका. इथल्या मित्रांना दाखवायला तोच हवा.

@मीठभाकर_वास्को, नक्की या. आधी कळवून ठेवा म्हणजे आत सोडतात, मीही येईन सोबत. जून असला तरी जाड जॅकेट आणा. कोठारात चार अंश असतं, आणि तुम्ही एकदा कांड्या बघायला लागलात की तासाभरात बाहेर पडणार नाही हे मला आत्ताच दिसतंय.